न्यू ग्रास रिव्हायवल: ह्याला ब्लूग्रास म्हणायचं का?

सह्यवारा
काल एका जुन्या मित्राला न्यू ग्रास रिव्हायवलची १९७२ची पहिली तबकडी ऐकवली. दोन गाण्यांतच तो म्हणाला, "वाजवतात झकास, पण ह्याला ब्लूग्रास म्हणू नकोस." रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही, म्हणून इथे विचारतोय. (नव्यांसाठी: ब्लूग्रास म्हणजे अमेरिकेतलं, तारवाद्यांवर वाजवायचं लोकवळणाचं संगीत.)
केंटकीतल्या लुईव्हिलचा हा बँड, १९७१चा. सॅम बुशचं मँडोलिन, जोडीला बँजो, डोब्रो (मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार), गिटार. वाद्यं घरचीच, पण तबकडीत जेरी ली लुईसचं रॉक अँड रोलही आहे. माझं मत सरळ आहे: ब्लूग्रास ही वाजवायची रीत आहे. त्या रीतीने रॉक वाजवला तरी ते ब्लूग्रासच.

जुनी_तबकडी
मित्र बरोबर बोलला. रीतच म्हणत असाल तर ती नीट बघू. पारंपरिक ब्लूग्रासमध्ये ड्रम नसतो. उभा बास ठोक्यावर पडतो आणि दोन ठोक्यांच्या मधे मँडोलिन 'चॉप' देतं. तारा छेडल्या छेडल्या डाव्या हाताची बोटं सैल सोडायची, की सूर तिथल्या तिथे मरतो आणि नुसती थाप उरते. सगळा डोलारा ह्या दोघांवर. पुढे ह्या बँडमध्ये गायक जॉन कोवन इलेक्ट्रिक बास घेऊन आला आणि पायाच हलला. त्याचा बास गुंजत राहतो, गाण्याच्या पुढे येतो. कोवनचा गळा मला फार आवडतो, पण तो मुद्दा वेगळा. मँडोलिनवादक बिल मन्रोच्या 'ब्लू ग्रास बॉइज' ह्या बँडवरून ह्या संगीताला नाव पडलं. त्या नावाखाली सगळंच घातलं तर नव्याने ऐकणाऱ्याला मन्रो सापडणार कसा?

पाणंद
मन्रोचंच घ्या. १९४०च्या दशकात त्याच्या बँडमध्ये अकॉर्डियन होतं, सॅली अ‍ॅन फॉरेस्टर वाजवायच्या. तरुणपणी तो अर्नोल्ड शुल्ट्झ ह्या कृष्णवर्णीय गिटारवादकाबरोबर नाचाच्या कार्यक्रमांत वाजवायचा, आणि त्याच्या ब्लूजचं ऋण त्याने स्वतः मान्य केलंय. बँजोचं मूळ तर पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांकडे जातं. १९५४ साली एल्व्हिसने मन्रोचं 'ब्लू मून ऑफ केंटकी' पळवत गायलं, तेव्हा मन्रोने तेच गाणं पुन्हा ध्वनिमुद्रित केलं: आधी पूर्वीसारखा संथ, तीन मात्रांचा वॉल्ट्झ, मग एकदम चारची धावती लय! त्याला मुभा, मग सॅम बुशला का नाही?

जुनी_तबकडी
अकॉर्डियन होतं, मान्य. टिकलं नाही. १९४५च्या डिसेंबरात अर्ल स्क्रग्ज तीन बोटांचा बँजो घेऊन आला, तो टिकला. मन्रोने पुष्कळ काही करून पाहिलं. मी जे राहिलं त्याबद्दल बोलतोय.

तीनबोटी
मी दोन वर्षं बँजो शिकतेय, पुण्यात, एकटीच. स्क्रग्जच्या रोलमध्ये, म्हणजे बोटांच्या ठरावीक फेऱ्यात, अंगठा, तर्जनी, मधलं बोट असं फिरताना आठ सूर बरेचदा तीन-तीन-दोन असे पडतात. केरव्याला सरावलेला माझा पाय सारखा चारवर ठेका धरायचा आणि बोटं अडखळायची. सहा महिने त्यात गेले. बँजोवादक बेला फ्लेक १९८१ साली ह्या बँडमध्ये आला. त्याचं वाजवणं वेग निम्मा करून ऐकलं, तर रॉकच्या चालीखालीही मला तेच तीन-तीन-दोन सापडतं. मोडतो, भलतीकडे जातो, पण परत येतो. मला तरी ह्यात स्क्रग्जचं घराणं स्वच्छ ऐकू येतं.

सह्यवारा
अगदी! आणि २०२० साली ब्लूग्रासवाल्यांच्याच आंतरराष्ट्रीय संघटनेने ह्या बँडला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. घरच्यांनी ताट वाढलं, आता आपण पंगतीतून कसं उठवायचं?

जुनी_तबकडी
मान मिळाला त्याचा मला आनंदच आहे. पण एक बघा. फ्लेक, झाकीर हुसेन, एडगर मायर आणि राकेश चौरसिया ह्यांच्या 'अ‍ॅज वी स्पीक'ला २०२४ साली ग्रॅमी मिळालं. बँजो तिथेही आहे. ते ब्लूग्रास ठरवायला कुणी धडपडलं नाही, आणि त्याने त्या तबकडीचं काही उणं झालं नाही. सॅम बुशच्या मंडळींनीही बँडच्या नावात 'न्यू' आपण होऊनच घातलं होतं.