एरी कालव्यामुळं भाडं पडलं, पण शेतकऱ्याच्या हाती काय आलं?

विश्रामबागकर (सांगली)
आमच्या अभ्यास मंडळात पुढच्या महिन्यात १८०० ते १८४० च्या अमेरिकेवर बोलायचं आहे. जे पुस्तक उघडावं त्यात तेच: १८२५ ला एरी कालवा पुरा झाला आणि बफेलो ते न्यूयॉर्क टनामागचं भाडं १०० डॉलरवरून १० च्या आसपास आलं. आमच्याकडं येणारी निम्मी मंडळी शेतकरी आहेत. इतकं पडलं कसं आणि फायदा कुणाच्या पदरात पडला, हे ते पहिल्या पाच मिनिटांत विचारणार. जाणकारांनी जरा खोलात जाऊन सांगावं.

पाटकरी (कराड)
"कसं" याचं सांगतो. वरची रुंदी ४० फूट, तळाची २८, पाणी फक्त ४ फूट. लांबी ३६३ मैल, अल्बानीपासून बफेलोपर्यंत. खराब रस्त्यावर घोडी जेमतेम टन-दीड टनाची गाडी ओढायची. तीच दोन-तीन घोडी काठावरच्या वाटेनं चालत ३० टनांची नाव ओढू लागली. भाडं पडण्याचं गणित तिथंच आहे. वेग मात्र मुद्दाम कमी ठेवलेला, ताशी ४ मैलांची मर्यादा. नाव जोरात गेली की लाटेनं काठाची माती ढासळते.

हडसन नदीपेक्षा एरी सरोवर साडेपाचशे फुटांहून उंच. म्हणून ८३ जलपाशं (लॉक, म्हणजे नाव वर-खाली न्यायचे दोन दारांचे हौद) बांधली, प्रत्येक ९० फूट लांब आणि १५ फूट रुंद. नाव आत घ्यायची, मागचं दार लावायचं, वरच्या दाराच्या झडपांतून पाणी सोडायचं. पातळी सारखी झाली की वरचं दार उघडायचं. लॉकपोर्टला तर खडकाचा कडाच आडवा होता, तिथं पाच जलपाशांच्या दोन जोड-रांगा शेजारीशेजारी, एक चढायला, एक उतरायला.

दुखणी आपल्या टेंभू-आरफळच्या कालव्यांवरची असतात तीच: गळती, भराव फुटणं, उंदरांची बिळं. जलपाशाच्या दगडी भिंतींना साधा चुना चालत नाही, पाण्याखाली तो धरतच नाही. १८१८ मध्ये कॅनव्हास व्हाइट या इंजिनिअरला चिटनँगोजवळ पाण्यातही घट्ट होणाऱ्या चुन्याचा दगड मिळाला, नाहीतर युरोपातून महागडं सिमेंट आणावं लागलं असतं. आणि हिवाळ्यात पाणी गोठतं, म्हणून साधारण डिसेंबर ते एप्रिल वाहतूक बंद. हे सांगायला विसरू नका, कारण माल कधी विकायचा ते त्यावर ठरायचं.

वखारभाग (सांगली)
आता पैशाचं बघू. गव्हाचा बुशेल म्हणजे ६० पौंड, सुमारे २७ किलो. २००० पौंडांच्या टनात ३३ बुशेल बसतात. टनाला १०० डॉलर म्हणजे बुशेलला ३ डॉलर भाडं, आणि न्यूयॉर्कात गहू विकला जायचा एक-दोन डॉलरला. त्यामुळं बफेलोकडचा शेतकरी रस्त्यानं गहू पाठवतच नव्हता. धान्याची व्हिस्की करायचा, डुकरांना घालायचा किंवा गुरं चालवत न्यायचा. १० डॉलर भाडं झालं की बुशेलला ३० सेंट, म्हणजे गहू पाठवणं परवडू लागलं. रॉचेस्टरला पिठाच्या गिरण्या उभ्या राहिल्या. १८२० ला दीड हजार वस्तीचं गाव १८३० ला नऊ हजारांवर गेलं.

पण शेतकऱ्याच्या हातात सगळं आलं असं धरू नका. पश्चिम न्यूयॉर्कची बरीच जमीन हॉलंड लँड कंपनीची, हप्त्यानं विकलेली. कालव्याजवळच्या जमिनीचा भाव चढला, त्याचा मोठा वाटा आधीच जमीन धरून बसलेल्यांना मिळाला. ज्याचे हप्ते थकलेले, त्याला रोखीचं पीक काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं. १८१९ ची मंदी आठवा: सरकारी जमीन उधारीवर घेणाऱ्यांची थकबाकी २ कोटी डॉलरच्या वर गेली होती. म्हणून १८२० च्या कायद्यानं उधारी बंद केली. एकराला सव्वा डॉलर, कमीत कमी ८० एकर, म्हणजे १०० डॉलर रोख मोजा. भाव कमी केला, पण रोकड नसलेला कुटुंबवाला सावकाराच्या दारात गेलाच.

आणि ही जमीन मुळात ओनायडा, सेनेका वगैरे हाउडेनोसोनी (इरोक्वॉय) या मूळ रहिवासी लोकांची. करारांनी ती आधीच गेली होती. कालव्यानं उरलेल्यावरचा दाब वाढवला. पाच मिनिटं याला द्या.

माहुली (सातारा)
भाडं पडल्याचा फटका कुणाला बसला तेही सांगा. पश्चिम न्यूयॉर्कातल्या जेनेसी खोऱ्याचा गहू स्वस्तात येऊ लागल्यावर ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडच्या खडकाळ डोंगरी शेतांचा गहू टिकेना. व्हर्मांटनं मेरिनो मेंढ्या धरल्या. १८४० च्या सुमारास त्या राज्यात मेंढ्या सोळा-सतरा लाख, माणसं तीन लाखही नाहीत. मेंढरांना हात कमी लागतात. घरी सूत कातायचं कामही संपलेलं, कारण गिरणीचं कापड स्वस्त. मुली मग मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलच्या कापड गिरण्यांत गेल्या: आठवड्याला ७३ तासांच्या आसपास काम, कंपनीच्या वसतिगृहात राहणं, खाणावळीचे पैसे पगारातून कापून. १८३४ ला मजुरी कापली तेव्हा संप झाला, १८३६ ला खाणावळीचे दर वाढवले तेव्हा पुन्हा. पण हातात स्वतःची रोख मजुरी येणं हेही त्या मुलींसाठी नवीनच होतं, ते वगळू नका.

त्या गिरण्यांचा कापूस दक्षिणेचा. १७९३ च्या व्हिटनीच्या रेचा यंत्रानं सरकी काढायचं काम सोपं झालं, पण वेचणी हातानंच राहिली. म्हणून गुलामगिरी आकसली नाही, फोफावली. १७९० ला सुमारे ७ लाख गुलाम, १८६० ला ३९ लाखांवर. १८०८ पासून बाहेरून आणायला बंदी, तेव्हा व्हर्जिनिया-मेरीलँडमधून माणसं अलाबामा-मिसिसिपीला विकली जाऊ लागली, घरंच्या घरं तोडून. उत्तरेचं स्वस्त कापड सांगायचं आणि हे सोडायचं, हे मला पटत नाही.

विश्रामबागकर (सांगली)
फार उपयोगी पडलं, आभार. एक शेवटचं: मग "कालव्यानं अमेरिका बदलली" असं शीर्षक ठेवलं तर चालेल?

वखारभाग (सांगली)
नको. ओहायो खोऱ्याचा माल कालव्यानंतरही बरीच वर्षं ओहायो-मिसिसिपी नदीवाटेनं न्यू ऑर्लिन्सलाच जात होता. १८१५ मध्ये 'एंटरप्राइज' ही आगबोट प्रवाहाविरुद्ध न्यू ऑर्लिन्सहून लुईव्हिलला २५ दिवसांत पोचली. वल्ह्या-दोरांच्या नावेला तीन-चार महिने लागायचे. क्लीव्हलँडहून ओहायो नदीपर्यंतचा कालवा १८३० नंतर पुरा झाला, तेव्हा कुठं तो माल हळूहळू उत्तरेकडं वळला. नकाशावर दोन्ही वाटा दाखवा, वेगळ्या रंगात.