वाट नसलेली ४८०० मीटरची खिंड, प्लॅन बघून सांगा

रानभूल: आम्ही तिघं चार दिवसांत एक खिंड ओलांडायचं म्हणतोय, पायवाट नाही, नकाशावर ४० मीटरचे कंटूर (दर ४० मीटर उंचीला एक रेघ) आहेत आणि चढ तर एकदम निवांत वाटतोय. पलीकडून एक नाळ, म्हणजे डोंगरातली अरुंद घळ, थेट खाली ओढ्यापर्यंत जाते, तिनेच उतरू. रोज १२ किमी धरलेत. याआधी ४२०० पर्यंत गेलोय पण मळलेल्या वाटेने. काही राहतंय का?

घसारा_प्रेमी: चढाचं सोडा हो, उतरायचं बघा. ४० मीटरच्या दोन रेघांच्या मधे ३० मीटरचा कडा अख्खा लपतो, नकाशाला पत्ताच नसतो! मी असाच एका नाळेत मजेत घसरत उतरलो, खाली गेल्यावर पुढे हवाच, मग तोच घसारा, म्हणजे सुट्या दगडमातीचा उतार, परत चढायला साडेतीन तास, एक पाऊल वर दोन खाली. तेव्हापासून जे परत चढता येणार नाही ते उतरायचंच नाही. शेजारची सोंड, म्हणजे डोंगराची खाली उतरणारी धार, बघा, निदान पुढचं दिसतं. आणि नाळेत उतरलातच तर एकाखाली एक राहू नका, वरच्याच्या पायाखालचा धोंडा खालच्याच्या डोक्यात येतो.
१२ किमी विसरा. चालायला किती वेळ लागेल याचा नेस्मिथ नावाच्या गिर्यारोहकाचा जुना हिशोब आहे, ५ किमीला १ तास आणि दर ६०० मीटर चढाईला अजून १ तास, पण तो धड वाटेवरचा, सॅक घेऊन दगडधोंड्यात मी सरळ दुप्पट धरतो.

थंडगार: चार दिवस उंचीची सवय व्हायलाच पुरणार नाहीत. ३००० च्या वर झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त चढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक जादा मुक्काम त्याच जागी. डोकं दुखतंय, उलटी होतेय तर आणखी वर जायचं नाही, तोल जायला लागला तर रात्र असो काही असो, लगेच खाली.

रानभूल: बापरे. ओढ्याचं काय?

थंडगार: वर बर्फ असेल तर दुपारनंतर पाणी चढतं, पहाटे ओलांडा. सॅकचा कमरेचा पट्टा सोडून, पडलात तर ती पटकन काढता आली पाहिजे.

रानभूल: ओके, नाळ कॅन्सल, सोंडेवरून बघतो. दिवस सात करावे लागणार, आता तिघांपैकी एकाच्या बॉसला कोण सांगणार हाच प्रश्न.