भाऊ उपचारांसाठी मुंबईला, मोठी बहीण इंदूरला माझ्याजवळ. तिला काय सांगावं?

सुदामानगरची आत्या

नमस्कार. माझ्या ६ वर्षांच्या भाच्याला रक्ताचा कॅन्सर निघालाय, एएलएल म्हणतात तो. गणपती उठले त्या सुमारास त्याचा ताप काही केल्या उतरेना, पायांवर निळे डाग यायला लागले. इथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सरळ परळला टाटा हॉस्पिटलला पाठवलं. दादा-वहिनी तिकडेच आहेत. उपचार दोन-अडीच वर्षं चालतील आणि सुरुवातीचे काही महिने मुंबई सोडता येणार नाही, असं सांगितलंय.

त्याच्याकडे बघायला डॉक्टर आहेत. मला विचारायचंय ते त्याच्या बहिणीबद्दल. वय ९, चौथीत आहे. माझ्याकडे आणि आजीकडे राहते. येणारे-जाणारे सगळे म्हणतात, किती शहाणी पोर आहे, काही हट्ट नाही. मला तेच खुपतंय. रविवारी पोहे-जिलेबी आणली, तर हिने जिलेबीला हात लावला नाही. "त्याला बाहेरचं बंद आहे ना," म्हणाली. त्याच्या शाळेची डायरी इथेच राहिली आहे. मधल्या सुट्टीत त्याच्या वर्गात जाऊन गृहपाठ विचारून येते आणि संध्याकाळी तो डायरीत उतरवून ठेवते, खाली तारीख घालून. परवा रात्री दिवा मालवल्यावर म्हणाली, "आत्या, मी त्याला जिन्यावर ढकललं होतं. तेव्हाच त्याच्या पायाला निळं झालं. त्याच्यामुळे झालं का हे?"

मी "नाही गं बाळा" म्हणून जवळ घेतलं. पण पुढे काय बोलायचं?

आई म्हणते, लेकरू आहे, तिच्यासमोर आजाराचं नाव काढू नका, आपोआप विसरेल. दादाशी बोलावं तर त्याचा सगळा जीव तिकडे गुंतलेला. फोनवर आज काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशी, किती आले तेवढं सांगतो आणि ठेवतो. कुणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा.

ग्वाल्हेरचे आजोबा

ताई, तुमच्या आईंचं म्हणणं मला पटतं. नऊ वर्षांचं वय ते. मोठ्यांना झेपत नाही ते तिच्या डोक्यावर कशाला? चित्रकलेचा क्लास लावा, मैत्रिणींत रमू द्या. देव पाठीशी आहे, नातू खडखडीत बरा होईल.

समुपदेशक, इंदूर

मी मुलांच्या कॅन्सर वॉर्डात समुपदेशनाचं काम केलंय. आजोबांची माया कळते, आणि मैत्रिणींत रमू द्या हे अगदी खरं. पण या मुलीला गोष्ट आधीच ठाऊक आहे. तिने निळा डाग पाहिला, दुसऱ्या कुणी अर्थ सांगितला नाही, म्हणून स्वतःच लावून घेतला. आपण गप्प बसलो तर तोच अर्थ पक्का होईल. या वयात ‘माझ्यामुळे झालं’ असं भावंडांना फार वाटतं, आणि अशीच मुलं शहाण्यासारखी वागायला लागतात.

आत्या, तुम्ही "नाही" म्हणालात ते बरोबरच, आता त्याचं कारण सांगा. साधारण असं: "आपल्या हाडांच्या आत रक्त तयार होतं. तिथे काही पेशी बिघडल्या आणि भराभर वाढत सुटल्या, चांगल्या पेशींना जागाच उरली नाही. लागल्यावर रक्त थांबवतात त्या पेशीही कमी पडल्या, म्हणून त्याला जराशा धक्क्यानेही निळं व्हायचं. आजार आधी आला, डाग नंतर." आजाराचं नाव कॅन्सर आहे हेही सांगा. शाळेत दुसऱ्याकडून ऐकण्यापेक्षा तुमच्या तोंडून ऐकलेलं बरं. शिवाय हा संसर्गाने होत नाही, त्याच्या ताटात जेवलं तरी नाही, हे तिने न विचारताही बोला.

"तो मरेल का?" हा प्रश्न येणार. नवव्या वर्षी मरण म्हणजे काय ते मुलांना कळतं. छातीठोक "छे, काहीतरीच" म्हणू नका. मुलांच्या कॅन्सरमध्ये एएलएलच सर्वांत जास्त आढळतो, आणि उपचार नीट पूर्ण झाले तर बहुतेक मुलं बरी होतात, हे खरं आहे आणि तेच सांगा. "डॉक्टर त्यासाठीच औषधं देतायत. मलाही काळजी वाटते. काही बदललं तर तुझ्यापासून लपवणार नाही." शेवटचं वाक्य दिलंत तर मात्र पाळावं लागेल.

हे सगळं एका बैठकीत संपवायची गरज नाही. मुलं जेवढं पेलतं तेवढंच ऐकतात आणि मध्येच उठून खेळायला जातात. जाऊ द्या.

२०१५ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी कॅन्सरग्रस्त मुलं आणि त्यांच्या कुटुंबांच्या मानसिक-सामाजिक आधारासाठी १५ निकष प्रसिद्ध केले. त्यातला एक फक्त भावंडांसाठी आहे. आपल्याकडे मात्र भावंड वॉर्डात दिसत नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. दादाला सांगा, टाटाच्या मुलांच्या विभागात समाजसेवक आहेत, त्यांना मुलगी इंदूरला आहे हे मुद्दाम कळवायचं. आणि तुमचं काय? आईंचं काय? १४४१६ हा टेलि-मानसचा, म्हणजे मनावरचा ताण बोलून दाखवण्यासाठीचा सरकारी नंबर आहे, फुकट, रात्री-बेरात्रीही लागतो, मराठीतही बोलता येतं. रडू आलं की फोन करावा, त्याला वेगळं कारण लागत नाही.

लोकमान्यनगरची आई

माझा धाकटा याच आजारातून बरा झालाय, आता सायकल पिटाळतो. तेव्हा मोठा आजीजवळ होता. आम्ही रात्री जेवणानंतरचा एक फोन फक्त मोठ्यासाठी ठेवला होता. त्यात धाकट्याचा विषय आम्ही काढायचा नाही, त्याने काढला तरच. पहिल्यांदा तो नुसता हं-हं करायचा. मग एकदा गणिताच्या बाईंबद्दल इतकं बोलला की ह्यांना फोन ठेववेना. तुमच्या दादाला तेवढं सांगा, काउंट तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर घेत जा.

दिवाळीच्या सुट्टीत तिला एकदा नेऊन आणा. अवंतिका एक्सप्रेसने संध्याकाळी निघालं की सकाळी मुंबई सेंट्रल. रेल्वेची सवलत पेशंट आणि सोबतच्या एकालाच असते, स्लीपर आणि थर्ड एसीत पेशंटला पूर्ण माफ, सोबत्याला ७५ टक्के. तुमची नि तिची तिकिटं पूर्ण काढावी लागतील, पण पैसे कारणी लागतील. जायच्या आधी व्हिडिओ कॉल करून घ्या. केस गेलेले असतील, स्टेरॉइडने चेहरा गोल झालेला, भूक भूक करत असेल आणि चिडचिड तर विचारूच नका. तो तिच्यावर ओरडेल. ते औषधामुळे आहे हे तिला आधीच माहीत हवं.

एक शिक्षिका

तिच्या वर्गशिक्षिकेला भेटा. मुलं ‘तुझ्याजवळ बसलं तर आम्हालाही होईल’ असं बोलून जातात, बाईंना आधीच माहीत असेल तर त्या सांभाळून घेतात. आणि डायरी बंद करू नका. उलट त्याच्या बाईंनाच विचारा, त्या तिच्या हाती कागद देत जातील.

सुदामानगरची आत्या

काल बोलले. आई स्वयंपाकघरातून ऐकत होती, मध्ये पडली नाही. मोठी बराच वेळ रडली, मग म्हणाली, "म्हणजे मी नसतं ढकललं तरी झालंच असतं?" मी म्हटलं, हो. पुन्हा विचारलं, पुन्हा हो म्हटलं. आज सकाळी तिसऱ्यांदा विचारलं. दादाला रात्रीच्या फोनचं सांगितलंय, आजपासून करतो म्हणाला.

दिवाळीत जायचं नक्की करतोय. पण तिच्या वर्गात दोघांना कांजिण्या आल्यात. न्यावं का?

समुपदेशक, इंदूर

कितीदाही विचारू द्या, दर वेळी तेच उत्तर द्या.

कांजिण्यांचं दादाकरवी टाटाच्या डॉक्टरांना आजच कळवा, तारखा त्यांनाच ठरवू द्या. किमोवर असलेल्या मुलाला कांजिण्या फार जड जातात. संसर्ग झाल्यापासून पुरळ दिसेपर्यंत १० ते २१ दिवस जाऊ शकतात आणि पुरळ यायच्या दोनेक दिवस आधीपासूनच लागण होते, त्यामुळे आज बरी दिसते यावर जाऊ नका. तिचं लसीचं कार्ड काढा. कांजिण्यांचे दोन्ही डोस झालेत का, किंवा आधी येऊन गेल्यात का, हे डॉक्टर पहिल्यांदा विचारतील. जाणं पुढे ढकलावं लागलं तर कारण तिला स्पष्ट सांगा, नाहीतर तेही ती स्वतःवर घेईल.