आट्यापाट्या संपल्या नाहीत
आट्यापाट्या हा मैदानी खेळ आता आजोबांच्या गप्पांतच उरला, असं बरेचदा कानावर येतं. ठाण्यात तरी तसं नाही. कळव्यात आमची टोळी रविवारी पहाटेच फक्की (मैदान आखायची पांढरी पूड) घेऊन जमते, कारण उन्हं वर आली की क्रिकेटवाले मैदान व्यापतात. ९ आडव्या पाट्या, म्हणजे अडवणाऱ्या गड्यांचे पट्टे, आणि त्यांना उभी छेदणारी सूरपाटी आखण्यातच घाम निघतो! कुणी रिक्षा चालवतो, कुणी बँकेत आहे. बक्षीस नाही, प्रेक्षक नाहीत. पण पुढे वाट अडवणारा पाटीवाला, मागून सूरपाटीचा गडी धावून येतोय, अशा कोंडीतून खांद्याची हूल देऊन निसटणारा खेळाडू एकदा बघाच. खो-खोला मॅट मिळाली, २०२५ मध्ये दिल्लीत विश्वचषक झाला, याचा आनंदच आहे. आट्यापाट्यांना निदान शाळेत खेळाचा एक तास मिळावा. आखणी करून द्यायला आम्ही येऊ.