सचिनचा स्ट्रेट ड्राइव्ह: डोकं आणि कोपर
सचिनच्या स्ट्रेट ड्राइव्हचं, म्हणजे चेंडू सरळ गोलंदाजाच्या दिशेने मारण्याच्या फटक्याचं, श्रेय काही जण त्याच्या जड बॅटला देतात. बॅट जड होतीच, पण मर्म मला त्याच्या डोक्याच्या स्थितीत दिसतं. पुढचा पाय पडताना डोकं चेंडूच्या रेषेत येतं आणि शरीराचं वजन त्यामागोमाग. तेच डोकं ऑफला, म्हणजे उजवीकडे कललं की तोल जातो आणि चेंडू डावीकडे मिडऑनला वळतो.

दुसरं म्हणजे डावं कोपर. ते उंच राहिलं तरच बॅट सरळ खाली येते आणि चेंडूला पूर्ण पातं मिळतं. सचिन हँडल बरंच खाली धरायचा. अशा पकडीत खालचा हात जोर करू लागतो, फटका लेगला, म्हणजे डावीकडे ओढला जातो. तरीही त्याचं पातं इतकं सरळ यायचं, हे मला आजही विलक्षण वाटतं! फॉलो थ्रू, म्हणजे फटक्यानंतर बॅट पुढे फिरणं, तर कित्येकदा नावापुरताच.

2004 मध्ये सिडनीला नाबाद 241 करताना त्याने ऑफच्या बाजूला मारायचा कव्हर ड्राइव्ह बाजूला ठेवला होता. त्या फटक्यात बॅट शरीरापासून लांब जाते, कड लागायची भीती असते. स्ट्रेट ड्राइव्हमध्ये पातं चेंडूच्याच रेषेत फिरतं, त्यामुळे थोडी चूक झाली तरी खपून जाते.