‘आल्त्रोवे’: या इटालियन शब्दाचे वजन कवितेतून आले की स्थलांतरातून?

मूळ मत

‘आल्त्रोवे’ म्हणजे अन्यत्र. रोजच्या बोलण्यात ते साधे क्रियाविशेषण आहे. कामात लक्ष नसलेल्या माणसाचे डोके ‘आल्त्रोवे’ असल्याचे इटलीत म्हणतात. त्याला उपपद लावले की ‘लाल्त्रोवे’ हे नाम तयार होते आणि साहित्यात त्याला दूरच्या स्वप्नभूमीची छटा येते. मला ही छटा खटकते. १८७६ ते १९७६ या काळात सुमारे अडीच कोटी माणसांनी इटली सोडली. त्यांतल्या कित्येकांच्या वाट्याला ‘अन्यत्र’ म्हणून बेल्जियममधल्या कोळशाच्या खाणी आल्या. ८ ऑगस्ट १९५६ रोजी मार्सिनेलच्या खाणीत आग लागून २६२ कामगार दगावले, त्यांत १३६ इटालियन होते. हा इतिहास बाजूला सारून या शब्दाचा अर्थ लावता येईल, असे मला वाटत नाही.

प्रतिसाद १ (असहमत)

ते दुःख खरे आहे, पण ते या शब्दाच्या माथी मारू नये. ईशान्य इटलीतल्या व्हेनेतो प्रांतातून ब्राझीलला गेलेला शेतकरी आपली बोली बोलत असे आणि समुद्रापलीकडच्या मुलखाला ‘ला मेरिका’, म्हणजे अमेरिका, म्हणत असे, मग तो मुलूख ब्राझील असो वा न्यूयॉर्क. ‘आल्त्रोवे’ला अर्थाची खोली लिहित्या-वाचत्या वर्गाने दिली. त्यामागची ओढ इटालियन कवी लेओपार्दीच्या १८१९ मधल्या ‘अनंत’ या पंधरा ओळींच्या कवितेत दिसते: रेकानाती या त्याच्या गावच्या टेकडीवरचे झुडपांचे कुंपण क्षितिज अडवते, आणि ते अडवले गेल्यामुळेच पलीकडचा अमर्याद अवकाश मनात उभा राहतो.

प्रतिसाद २ (मूळ लेखक)

त्या कवितेत हा शब्द मुळी येतच नाही. शिवाय त्याच वर्षी लेओपार्दीने घर सोडून पळण्याचा बेत केला होता आणि वडिलांनी तो हाणून पाडला. म्हणजे पलीकडे जाण्याची निकड त्यालाही प्रत्यक्षच होती. ‘ला मेरिका’चा दाखला तर माझ्याच बाजूचा आहे, कारण दोन खंड एकाच नावात सामावले गेले, तेव्हा ते नाव ‘अन्यत्र’ याच अर्थाने चालू लागले होते.

प्रतिसाद ३ (असहमत)

मग दरसाल ये-जा करणाऱ्यांचे काय? इटलीतला हंगाम आटोपून अर्जेंटिनात गव्हाच्या कापणीला जाणाऱ्या मजुरांना तिथे ‘गोलोंद्रिना’, म्हणजे भिंगरी पक्षी, म्हणत. त्यांना बंदर, शेत आणि मजुरीचा दर ठाऊक असे. त्यांच्या लेखी ती जागा ‘अन्यत्र’ उरलीच नव्हती. उलट लेओपार्दी १८२२ मध्ये रोमला पोचला आणि निराश झाला, कारण मनातले रोम त्याला तिथे सापडले नाही. म्हणूनच ‘लाल्त्रोवे’ हे नाम मी न गाठलेल्या जागेसाठीच राखून ठेवीन. मार्सिनेलला तिचे स्वतःचे नाव आहे आणि तिथल्या मृतांचा उल्लेख त्याच नावाने व्हावा.