उघड्या फ्रॅक्चरची ग्रेड कॅज्युअल्टीत लिहूच नये

हाडांचा डॉक्टर, नाशिक:
चिठ्ठीवर 'ओपन फ्रॅक्चर (हाड मोडून वर कातडी फाटलेली), ग्रेड १' दिसलं की मला धास्तीच वाटते. मागच्या पावसाळ्यात निफाडकडचे एक द्राक्ष बागायतदार आले. ट्रॅक्टर उलटून नडगी मोडलेली, जखम शेंगदाण्याएवढी. चिठ्ठीवर ग्रेड १. थिएटरात जखम वाढवून पाहिली, तर हाडाच्या टोकात काळी माती ठासलेली. भोवतीचं मांस चिमट्यात धरलं तरी आकसेना, कापलं तरी रक्त येईना. हाड बाहेर येऊन, माती घेऊन परत आत गेलं होतं.

ही ग्रेड म्हणजे गस्टिलो आणि अँडरसन यांची १९७६ ची वर्गवारी. १ सेंटिमीटरपेक्षा लहान, स्वच्छ जखम म्हणजे पहिला प्रकार. पण शेतातली इजा, जखम केवढीही असो, तिसऱ्या, सर्वांत गंभीर प्रकारातच धरतात. आणि खरी ग्रेड मेलेलं मांस काढल्यावरच कळते. दारात फक्त इजेची वेळ, जागा, पायाची नाडी, अँटिबायोटिकचा पहिला डोस किती वाजता दिला ते लिहा. जखमेचा फोटो जोडा.

कॅज्युअल्टी ड्यूटी:
सर, पटत नाही. रात्री दोनला द्वारका चौकातून बाइकवाला येतो तेव्हा मला ठरवावंच लागतं. पहिल्या दोन प्रकारांना सेफाझोलिन हे अँटिबायोटिक पुरतं, तिसऱ्याला ग्राम-निगेटिव्ह गटातल्या जंतूंसाठी जादा औषध लागतं. सिनियरना फोन लावला की पहिला प्रश्न, 'ग्रेड काय?' तीन म्हटल्याशिवाय प्लास्टिक सर्जनला कोण उठवतं?

हाडांचा डॉक्टर, नाशिक:
डोस तासाभरात गेलाच पाहिजे. माती, शेण, गटाराचं पाणी लागलं असेल तर तिसरा प्रकार धरून औषध द्या, धनुर्वाताचं इंजेक्शनही द्या. पण धरून चालणं वेगळं, लिहून टाकणं वेगळं. लिहिलेला आकडा पुढे कुणी तपासत नाही. चिठ्ठीवर १ होता म्हणून त्या बागायतदारांचं नाव आमच्याही ऑपरेशनच्या यादीत सकाळवर गेलं होतं. ते मला आजही सलतं.

प्लास्टिक सर्जन:
१९९४ मध्ये ब्रंबॅक आणि जोन्स यांनी २४५ ऑर्थोपेडिक सर्जनना त्याच केसेस व्हिडिओवर दाखवल्या, ग्रेडवर एकमत सरासरी ६० टक्के. त्यापेक्षा कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलचा स्कोअर बरा. कातडी, हाड, स्नायू-नसा यांना वेगवेगळे गुण मिळतात. बेरीज १४ किंवा कमी असेल तर पाय वाचवायचा. १७ किंवा जास्त असेल तर बहुधा काढावा लागतो. '३ बी' (तिसऱ्याचा उपप्रकार) म्हटल्यावर मला फ्लॅप, म्हणजे दुसरीकडचं मांस-कातडी आणून जखम झाकणं, लागणार, एवढंच कळतं.

कॅज्युअल्टी ड्यूटी:
तो स्कोअरही जखम साफ केल्यावरच मांडायचा ना? मग दारातला प्रश्न तिथेच राहिला. मी यापुढे 'तात्पुरती ग्रेड' लिहीन, खाली वेळ आणि सही. जागा कोरी सोडणार नाही.